दादांची पीआयपी बंद झाली, वहिनींच्या पैशांचं काय?

वाचकांचे प्रश्न

या वेळी अपंगत्वाचा भत्ता बंद पडलेल्या जोडप्यांविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या घरांतली पत्रं जास्त होती, म्हणून सुरुवात तिकडून. तिथे या भत्त्याला पीआयपी (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) म्हणतात. तिथल्या सगळ्या रकमा एप्रिल २०२५ ते एप्रिल २०२६ या वर्षाच्या आहेत. दर एप्रिलला दर बदलतात, पण कुठली रक्कम कशाला बांधलेली आहे हे बदलत नाही आणि या उत्तरांत महत्त्वाचं तेच आहे.

प्रश्न : माझा दादा (वय ५२) आणि वहिनी स्विंडनला असतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर दादाला पीआयपीचा ‘डेली लिव्हिंग’ भाग साध्या दराने मिळत होता. वहिनी त्याचं सगळं करते म्हणून तिला केअरर्स अलाउन्स (देखभाल करणाऱ्याचा भत्ता). शिवाय दोघांचं मिळून युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारी सरकारी मदत), त्यात घरभाडंही आलं. दादा काम करू शकत नाही हे युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांनी आधीच मान्य केलंय. २३ वर्षांचा मुलगा घरीच राहतो, गोदामात नोकरी करतो. आता पत्र आलं की दादाला सहाच गुण पडतात, म्हणून पीआयपी बंद. आता सगळंच बंद होणार का? वहिनी म्हणते, त्यांच्या लक्षात येईपर्यंत गप्प बसू. — एक बहीण, सांखळी

उत्तर : सगळं बंद होणार नाही. पण जे जाणार ते एका दमात जाणार, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पीआयपीचे दोन भाग असतात, रोजच्या जगण्याचा डेली लिव्हिंग आणि हिंडण्याफिरण्याचा मोबिलिटी. दोन्हींत आठ गुणांना साधा दर आणि बाराला वाढीव. डेली लिव्हिंगचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड, म्हणजे महिन्याला सरासरी ३२०.२३. पीआयपी उत्पन्नात धरली जात नाही, त्यामुळे ती गेली म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट वाढून भरपाई होत नाही. हे ३२० पौंड सरळ गेले.

आता वहिनींचं. केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३०, महिन्याला ३६०.९७ पौंड. ज्याची देखभाल करायची त्याला डेली लिव्हिंगचा कुठलाही एक दर चालू असणं ही त्याची अट. दादांचा तो भाग ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी वहिनींचा हक्कही संपतो, मग त्या पूर्वीइतकंच करत असल्या तरी. ३६१ पौंड गेले म्हणून घरात हाय खाल्ली जाते, पण इथे हिशोब वेगळा आहे. युनिव्हर्सल क्रेडिट केअरर्स अलाउन्सला उत्पन्न धरतं आणि पौंडाला पौंड कापून घेतं. म्हणजे एका हाताने ३६०.९७ मिळत होते आणि दुसऱ्या हाताने तेवढेच जात होते. अलाउन्स थांबला की ती कपातही थांबते. खरा तोटा होतो तो युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या देखभाल करणाऱ्याच्या जादा रकमेचा, केअरर एलिमेंटचा. ती महिन्याला २०१.६८ पौंड आहे आणि अलाउन्ससोबत तीही जाते. शिवाय युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये बदल हिशोबाच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे पीआयपी महिन्याच्या मध्यावर थांबली तरी एलिमेंट त्या पूर्ण महिन्याचा जातो.

तिसरी गोष्ट पत्रात कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे मुलगा. कमावता, २१ पूर्ण झालेला मुलगा घरात असला की त्याने भाड्याला हातभार लावावा असं धरून युनिव्हर्सल क्रेडिटच्या घरभाड्यातून महिन्याला ९३.०२ पौंड कापतात. आईवडिलांपैकी कोणालाही डेली लिव्हिंग चालू असेल तर ही कपात माफ असते. आजवर ती माफ होती, आता सुरू होईल. मुलगा घरात खरोखर काही देतो की नाही हे कोणी विचारत नाही.

बेरीज केली तर ३२०.२३ अधिक २०१.६८ अधिक ९३.०२, एकूण महिन्याला ६१४.९३ पौंड. पत्रात फक्त पहिला आकडा दिसतो.

राहतं काय? दादांना काम करण्यास असमर्थ ठरवल्याबद्दल मिळणारी ४२३.२७ पौंडांची जादा रक्कम राहते. ती वेगळ्या तपासणीवर ठरलेली आहे, पीआयपीच्या गुणांवर नाही. ज्या जोडप्यांकडे ही रक्कम नाही त्यांना आणखी एक धोका असतो. पीआयपी किंवा केअरर्स अलाउन्स असेपर्यंत एकूण मदतीवरची कमाल मर्यादा लागत नाही. ते दोन्ही गेलं की जोडप्याला लंडनबाहेर महिन्याला १,८३५ पौंड आणि लंडनमध्ये २,११०.२५ पौंड ही मर्यादा लागू होऊ शकते, आणि घरभाडं मोठं असेल तर तिथेच कात्री लागते. दादांचं घर यातून वाचतं. मूळ जोडप्याची रक्कम आणि भाड्याचा भागही राहतो. सेटल्ड स्टेटसवर (तिथे कायम राहण्याच्या परवान्यावर) पीआयपी जाण्याचा काहीही परिणाम होत नाही. ही भीती बऱ्याच पत्रांत दिसली म्हणून सांगितलं.

पैशांखेरीज एक बदल वहिनींनी लगेच ओळखावा. केअरर म्हणून त्यांच्यावर काम शोधण्याचं बंधन नव्हतं. आता जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात) नवी करारपत्रिका येईल, वर्क कोचकडे, म्हणजे नोकरीसाठी पाठपुरावा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, बोलावणं येईल. ती भेट चुकवली तर पैसे कापले जातात. त्यांनी जाऊन स्पष्ट सांगावं की पीआयपी थांबली असली तरी आजारी माणसाची देखभाल चालूच आहे, अमुक वेळेला औषधं, अमुक वेळेला अंघोळ. अशा माणसाकडून अपेक्षित कामाचे तास देखभालीला सांभाळून कमी ठरवावेत, असं नियमातच आहे. न मागता मात्र कोणी कमी करत नाही.

आणि गप्प बसण्याबद्दल : नको. केअरर्स अलाउन्स आणि युनिव्हर्सल क्रेडिट ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. एकाला कळलं म्हणजे दुसऱ्याने थांबवलं असं होत नाही. पैसे येत राहतात आणि सहा महिन्यांनी वसुलीचं पत्र येतं. न कळवल्याबद्दल ५० पौंडांचा दंड वेगळा, आणि जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर प्रकरण फसवणुकीवर जातं. वहिनींनी केअरर्स अलाउन्सला ऑनलाइन बदल कळवावा, युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमध्ये त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात, आणि कौन्सिल टॅक्समध्ये (तिथल्या घरपट्टीत) सूट असेल तर कौन्सिललाही कळवावं. तिन्हींचे स्क्रीनशॉट ठेवावेत.

पत्र आणखी एकदा वाचा, कारण प्रत्येक कपात अशी नसते. वाढीव दरावरून साध्या दरावर आणलं असेल तर आठवड्याला ३६.५० पौंड कमी होतात, बाकी काहीच हलत नाही; केअरर्स अलाउन्सला साधा दर पुरतो. फक्त मोबिलिटी गेली तर मोटॅबिलिटीची (मोबिलिटीच्या पैशांवर भाड्याने मिळणारी) गाडी जाते, पण वहिनींचं सगळं शाबूत राहतं. उलट मोबिलिटी राहून डेली लिव्हिंग गेलं तर लोक ‘निदान पीआयपी तरी चालू आहे’ म्हणून निर्धास्त राहतात, आणि नेमका तिथेच केअरर्स अलाउन्स गेलेला असतो.

प्रश्न : (त्याच पत्रातून) निर्णयाविरुद्ध भांडायचं कसं? दादाला इंग्रजीत नीट बोलता येत नाही.

उत्तर : आधी मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे त्याच खात्याकडून फेरविचार. मुदत एक महिना, आणि ती पत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजतात, हातात पडल्यापासून नाही. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर तेरा महिन्यांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. फोनवर मागणी नोंदवता येते. मात्र पाठोपाठ लेखी पाठवाच, आणि त्याच फोनवर तपासणी करणाऱ्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. तो अहवाल न वाचता लिहिलेला अर्ज म्हणजे ‘दादा फार आजारी आहे’ एवढंच पुन्हा सांगणं होतं. त्याने गुण वाढत नाहीत.

दादांना सहा गुण आहेत, आठ हवेत. दोन गुणांचा प्रश्न आहे. डेली लिव्हिंगमध्ये दहा कामं असतात आणि प्रत्येकात एकच, सगळ्यांत वरची लागू होणारी पायरी मोजतात. आपल्या माणसांचे गुण दोन कामांत हमखास बुडतात.

पहिलं स्वयंपाक. “स्वयंपाक करता का?” असं विचारलं की आपला पुरुष म्हणतो, “बायको करते.” तपासणारा लिहितो, करू शकतो, करत नाही. प्रश्न सवयीचा नसतो, क्षमतेचा असतो. ताज्या भाज्या सोलून-चिरून, शेगडीवर शिजवून एका माणसापुरतं साधं जेवण दादांना करता येईल का? डाव्या हाताची पकड गेलेल्या माणसाला कांदा धरून चिरता येत नाही, भात झालेलं पातेलं दोन्ही हातांनी उतरवता येत नाही. हे असं लिहा. खास साधनाशिवाय जमत नसेल तर २ गुण, कोणीतरी बाजूला उभं राहून मदत करावी लागत असेल तर ४.

दुसरं अंघोळ. “स्वतः करतो” हे उत्तर स्वाभिमानाने दिलं जातं आणि तिथेच शून्य पडतो. स्टुलावर बसूनच अंघोळ होत असेल, भिंतीला धरायला दांडा लावलेला असेल तर ते साधन झालं, २ गुण. टबमध्ये चढा-उतरायला हात द्यावा लागत असेल तर ३. खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग वहिनींनाच धुवावं लागत असेल तर ४.

सगळ्या कामांना एक कसोटी लागते आणि अहवालात ती सर्रास विसरलेली असते. काम सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, गरज पडेल तितक्या वेळा आणि रास्त वेळात झालं पाहिजे. रास्त वेळ म्हणजे धडधाकट माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागत असतील आणि नंतर अर्धा तास पडून राहावं लागत असेल, तर ‘लावू शकतो’ असं होत नाही. आणि हे निम्म्याहून जास्त दिवस असं असलं पाहिजे. एखादा बरा दिवस तपासणीच्या दिवशी आला तर तो अपवाद म्हणून सांगा.

जोडीला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पत्र, औषधांची यादी, आणि वहिनींनी लिहिलेली एका आठवड्याची नोंद : किती वाजता, कशाला, किती वेळ हात द्यावा लागला. नुसतं निदान लिहिलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा ही नोंद जास्त कामाला येते.

फेरविचारात नकार आला तर त्या नोटिशीपासून एक महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील. फी नाही. मंडळावर न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा जाणकार असे तिघे बसतात. कागदावर निकाल मागू नका, सुनावणी मागा. समोर बसलेल्या माणसाला मंडळ स्वतः प्रश्न विचारतं, आणि अहवालातल्या चुका तिथेच उघड्या पडतात. अर्जातच मराठी किंवा कोकणी दुभाषा मागा. तो ट्रायब्युनल देतं, पैसे पडत नाहीत. मुलाला दुभाषा करू नका. तो वडिलांची अवस्था संकोचाने सौम्य करून सांगतो. मंडळ मूळ निर्णयाच्या तारखेला अवस्था काय होती एवढंच पाहतं. त्यानंतर तब्येत ढासळली असेल तर त्यासाठी नवा अर्ज लागतो.

सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेत हा सल्ला फुकट मिळतो. ‘पीआयपी परत मिळवून देतो, थकबाकीतला वाटा द्या’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

एक जोखीम मात्र सांगायला हवी. फेरविचारात पूर्ण निर्णय उघडतो. दादांना काहीच मिळत नाही, त्यामुळे गमावण्यासारखं नाही. पण ज्यांचा फक्त दर कमी झालाय त्यांनी, जे उरलंय तेही धोक्यात येत नाही ना, हे आधी जाणकाराला विचारावं.

जिंकल्यावरही एक काम उरतं आणि ते विसरल्याने पैसे बुडतात. पीआयपी थांबलेल्या दिवसापासून मागची रक्कम मिळते, पण केअरर्स अलाउन्स आपोआप सुरू होत नाही. पीआयपीचा नवा निर्णय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वहिनींनी नव्याने अर्ज केला तरच तो मागच्या तारखेपासून धरतात. युनिव्हर्सल क्रेडिटला त्याच दिवशी कळवावं, म्हणजे केअरर एलिमेंट आणि मुलाची माफीही मागे जाऊन लागेल. अलाउन्सची थकबाकी पूर्ण हातात येणार नाही, कारण मधल्या काळात युनिव्हर्सल क्रेडिट त्यामुळेच जास्त मिळालेलं असतं. तेवढं वळतं करून घेतात. पीआयपीची थकबाकी मात्र पूर्ण मिळते, आणि ती बँकेत राहिली तरी बारा महिने बचत म्हणून मोजत नाहीत.

‘एका कामात चार गुण हवेतच, नाहीतर पीआयपी नाही’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. तसं कलम ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये विधेयकात आणलं होतं, पण जुलै २०२५ मध्ये ते काढून घेतलं. त्या भीतीने अपील सोडू नका.

प्रश्न : काका ७१, काकी ६९, वेम्बलीत दोघंच राहतात. काकाला जुनी पीआयपी, काकीला अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयातल्यांचा अपंगत्वाचा भत्ता), वर पेन्शन क्रेडिट. काकाची पीआयपी थांबली आणि लगोलग पेन्शन क्रेडिटही पूर्ण थांबलं! काकीचं तर काही बदललं नव्हतं. चूक झाली असेल का? — फोंडा

उत्तर : बहुतेक चूक नाही. पण इथे एक वाट आहे, ती पाहाच.

पेन्शन क्रेडिट म्हणजे जोडप्याचं आठवड्याचं उत्पन्न ३४६.६० पौंडांपर्यंत भरून देणं. दोघांनाही डेली लिव्हिंग किंवा अटेंडन्स अलाउन्स असेल, घरात दुसरा मोठा माणूस राहत नसेल आणि दोघांपैकी कोणाच्याही देखभालीसाठी कोणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर तीव्र अपंगत्वाची जादा रक्कम मिळते, जोडप्याला १६५.८० पौंड. म्हणजे हद्द ५१२.४० वर जाते. मेख ‘दोघांनाही’ या शब्दात आहे. एकाचा भत्ता गेला की अर्धी नाही, पूर्ण रक्कम जाते. समजा दोघांच्या पेन्शनी मिळून आठवड्याला ३६० पौंड आहेत. आधी १५२.४० मिळत होते. आता हद्द ३४६.६० आणि उत्पन्न ३६०, म्हणून शून्य. (मुलगा परत राहायला आला तरी ही रक्कम अशीच जाते. आईवडिलांची काळजी घ्यायला आलेल्या मुलांना हे नंतर कळतं.)

आता वाट. काकींचा अटेंडन्स अलाउन्स चालू आहे. काका त्यांचं खरोखर आठवड्याला ३५ तास पाहत असतील, रात्रीचं उठणं, औषधं, सोबत धरून, तर काकांनी केअरर्स अलाउन्सचा अर्ज करावा. सरकारी पेन्शन त्यापेक्षा जास्त असल्याने प्रत्यक्ष पैसे मिळणार नाहीत, नकाराचंच पत्र येईल. पण त्या पत्रात ‘मूळ हक्क आहे’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यावर पेन्शन क्रेडिटची हद्द ४६.४० ने वाढते. ३४६.६० अधिक ४६.४० म्हणजे ३९३. वरच्या उदाहरणात आठवड्याला ३३ पौंड पुन्हा सुरू होतात. रक्कम लहान आहे, पण पेन्शन क्रेडिटचा एक पौंडसुद्धा चालू राहिला की त्यावर मिळणाऱ्या सवलती उघड्या राहतात : भाडं आणि कौन्सिल टॅक्सची मदत, पंचाहत्तरी ओलांडल्यावर टीव्ही लायसन्स.

काकांसाठी दोन रस्ते आहेत. पीआयपीचा फेरविचार मागावा, मुदत तीच एक महिना. मुदत गेली असली तरी त्याच आजारासाठी पीआयपी संपल्यापासून एका वर्षाच्या आत पुन्हा पीआयपीचा अर्ज करता येतो, वय उलटलं असलं तरी. किंवा अटेंडन्स अलाउन्स मागावा. त्यात मोबिलिटी नाही, पण तो मिळाला तर १६५.८० चं गणित पुन्हा जुळतं. मोबिलिटीचा प्रश्न असेल तर पीआयपीचाच रस्ता धरावा, कारण या वयात ती एकदा कायमची सुटली की परत मिळत नाही.

प्रश्न : पीआयपी आणि केअरर्स अलाउन्स चालू आहे. चवथीला येऊन सहा आठवडे राहायचं आहे. काही बंद होईल का? — पेडणे

उत्तर : पीआयपी परदेशात तेरा आठवड्यांपर्यंत चालते, उपचारासाठी आला असाल तर सव्वीस. केअरर्स अलाउन्स एरवी सव्वीस आठवड्यांत चारच आठवडे, पण ज्याची देखभाल करता तोच माणूस सोबत असेल आणि त्याची पीआयपी चालू असेल, तर पुढेही चालतो. खरी अडचण युनिव्हर्सल क्रेडिटची, तिथे मर्यादा एक महिन्याची. सहा आठवड्यांचं तिकीट काढून निघालात तर महिना संपल्यावर नाही, निघाल्या दिवसापासूनच हक्क जातो. परतल्यावर नव्याने अर्ज, आणि पहिले पैसे यायला वेळ लागतो. उपचारासाठी असेल तर सहा महिन्यांपर्यंत सूट आहे, त्याला डॉक्टरचे कागद लागतात. पेन्शन क्रेडिटवाल्यांना चार आठवडे. म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट असलेल्यांनी तिकीट महिन्याच्या आतलंच काढावं आणि निघण्याआधी कळवावं.

मागे घरात येणारी टपाल कोणीतरी उघडून फोटो पाठवेल अशी सोय करा. पीआयपीची बरीच प्रकरणं आजार बरा झाला म्हणून बंद होत नाहीत. फेरतपासणीचा फॉर्म महिनाभर पायपुसण्यावर पडून राहतो, किंवा तपासणीची तारीख चुकते, आणि मग वरची सगळी साखळी तुटते.

प्रश्न : नवरा पाडेली होता. माडावरून पडून पाय अधू झाला. ५० टक्क्यांचा दाखला पाच वर्षांचा होता, तो संपला. नव्या तपासणीत ३५ टक्के लिहिलं आणि दयानंदचे (गोवा सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे) पैसे थांबले. मला गृह आधार (गृहिणींना दरमहा मिळणारी मदत) मिळतो, तोही जाईल का? — डिचोली

उत्तर : नवऱ्याचे पैसे थांबले म्हणून तुमचा गृह आधार जात नाही. गृह आधारचे १,५०० रुपये महिला व बालविकास खात्याचे, दयानंद सामाजिक सुरक्षा समाजकल्याणची. गृह आधारला पाहतात ते पतीपत्नीचं मिळून वर्षाचं उत्पन्न, ते तीन लाखांच्या आत असावं लागतं, आणि तुम्ही स्वतः दयानंदच्या लाभार्थी नसाव्या लागतात. साठ पूर्ण झाल्यावर दयानंद मंजूर करून घेतलीत तर मात्र गृह आधार आधी लेखी बंद करा. दोन्ही खात्यात येत राहिले तर वसुली होते.

नवऱ्याचं : कायद्याने ४० टक्के ही रेषा आहे, दिव्यांग हक्क कायदा २०१६. ३५ वर थांबू नका. टक्केवारी कमी का झाली याची कारणं लेखी मागा आणि कलम ५९ खाली अपील करा. हाडाच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळ सांधा किती अंशांत वाकतो, स्नायूंची ताकद किती उरली, पाय किती आखूड झाला हे मोजतं. तेव्हा अपघाताच्या वेळचे आणि ताजे, दोन्ही एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद आणि फिजिओथेरपीची फाइल सोबत न्या. पहिल्या दाखल्याची प्रतही लावा. पाच वर्षांपूर्वी काय मोजलं होतं आणि आता काय, हा फरक कागदावर दिसला पाहिजे. दुखणं अंगाच्या दुसऱ्या भागातही असेल, पाठ किंवा हात, तर तेही मोजायला सांगा. एकाच पायाची तपासणी करून दाखला लिहिलेला असतो असं पुष्कळदा होतं. अपिलात दाखला पुन्हा ४० च्या वर गेला तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नवं करून त्याची प्रत समाजकल्याण खात्यात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.

ज्यांच्या दाखल्यावर मुदतीची तारीख आहे त्यांनी ती आजच पाहून ठेवावी आणि संपायच्या तीन-चार महिने आधीच मंडळाकडे अर्ज टाकावा. बँकेत पैसे पडले नाहीत तर आधी हयातीचा दाखला दिला होता की नाही ते तपासा. तेवढंच कारण असेल तर दाखला देऊन काम भागतं, अपिलाची गरज पडत नाही.